एक सभागृह, एक अर्ज, दोन भाषा: स्थलांतरितांच्या सांस्कृतिक हक्काचं एक प्रकरण

शहर, देश आणि संबंधित समाज यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या प्रकरणात मी कोणाच्याही बाजूनं काम केलेलं नाही. कागदपत्रं वाचून आणि सगळ्या बाजूंच्या लोकांशी बोलून ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

शहर कारखान्यांचं. बांधकामावर आणि कापडाच्या गिरण्यांत काम करायला एका दूरच्या प्रदेशातून लोक येऊ लागले, त्याला आता एक पिढी उलटली. आधी एकटे पुरुष आले, मग बायकामुलं आली. आज त्यांची मुलं शहराची भाषा फाडफाड बोलतात आणि आजीशी बोलताना अडखळतात. बहुतेकांकडे अजून या देशाचं नागरिकत्व नाही.

सगळ्यात आधी आलेल्या मंडळींनी संस्था काढली. कोणी वारलं तर गावी पाठवायची तजवीज, नव्यानं आलेल्याला खोली, रुग्णालयात दुभाष्या, अशी कामं ही संस्था करायची आणि चोख करायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून संस्था खलनायक वाटण्याची शक्यता आहे. तशी ती नव्हती.

महापालिकेच्या सांस्कृतिक केंद्रातलं एक सभागृह संस्थेला आठवड्यातून दोन संध्याकाळ मिळत होतं. एका संध्याकाळी मुलांचा भाषावर्ग, दुसऱ्या संध्याकाळी ढोलाचा आणि नाचाचा सराव. वर्षातून एकदा मोठं संमेलन. या सगळ्याला आधार काय, तर एका अधिकाऱ्यानं दिलेलं आणि दर वर्षी नव्यानं मिळणारं परवानगीचं पत्र. ना नियम, ना ठराव. अधिकारी भला होता म्हणून गाडं चाललं होतं.

एक गोष्ट शहराला कधी कळलीच नव्हती. त्या प्रदेशातून आलेले सगळे एकाच भाषेचे नव्हते. बहुसंख्य लोक सपाटीकडचे, त्यांच्या भाषेला लिपी आहे, छापील पुस्तकं आहेत. उरलेली थोडी कुटुंबं डोंगराकडची, त्यांची भाषा वेगळी आणि जवळजवळ सगळी तोंडी. मूळ प्रदेशातही ही मंडळी अल्पसंख्याकच होती. इथे आल्यावर महापालिकेच्या दप्तरात दोन्ही गट एकाच नावाखाली गेले. सभागृहाच्या अर्जात एकच चौकट होती, ‘समाजाचे नाव’. तिच्याखाली एकच सही, अध्यक्ष किंवा सचिवाची.

अडचण कुठे आली

केंद्रामागे नव्या इमारती झाल्या आणि ढोलाच्या आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या खऱ्या होत्या. सभागृहातला हवा खेचणारा पंखा बंद पडलेला, त्यामुळे मागच्या खिडक्या सताड उघड्या, आणि समोर लोकांच्या झोपायच्या खोल्या. लहान मूल असलेल्या घराला तो सराव किती जाचत असेल, हे खिडकीशी उभं राहिलं की कळतं.

तक्रारींची फाईल मी पाहिली. त्यात आवाज आहे, वेळ आहे, गाड्या लावण्यावरून झालेली हमरीतुमरी आहे. भाषेबद्दल एक ओळही नाही. भाषा आली ती केंद्राच्या समितीच्या ठरावात. ‘यापुढे सभागृह केवळ सर्वांसाठी खुल्या आणि शहराच्या भाषेत होणाऱ्या कार्यक्रमांनाच दिले जाईल.’ वाचायला अट सगळ्यांना सारखी. प्रत्यक्षात केंद्र वापरणाऱ्या बाकीच्या सगळ्या मंडळांचे कार्यक्रम आधीपासून शहराच्याच भाषेत होते. म्हणजे अट लागू झाली ती फक्त स्थलांतरितांना. ढोल राहिला बाजूला, ज्या भाषावर्गाबद्दल कुणाची तक्रार नव्हती तोच बंद पडला.

संस्थेनं एका मोफत कायदेसल्ला केंद्राकडे धाव घेतली. प्रकरण इथवर सरळ होतं: वरकरणी सारखा नियम, परिणाम एकाच गटावर. पण तिथल्या वकीलबाईंनी वर्गात मुलं किती, कुठली, अशी माहिती गोळा करायला घेतली, तेव्हा डोंगराकडच्या दोन बायका वेगळ्या येऊन भेटल्या. त्यांचं म्हणणं असं की त्यांनीही सभागृह मागितलं होतं, महिन्यातून एकदा, गोष्टी सांगायला आणि मुलांना गाणी ऐकवायला. सांस्कृतिक केंद्रानं सांगितलं, तुमच्या संस्थेमार्फत या. संस्थेनं सांगितलं, आपला समाज एक, कार्यक्रमही एकच. त्यांच्यातली थोरली म्हणाली, ‘नातू त्या वर्गातून शिकून येतो आणि मला दुरुस्त करतो. म्हणतो, आजी, तुझं चुकतंय.’

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. संस्थेची परवानगी जशीच्या तशी परत मिळवून दिली असती तर महापालिकेनं केलेला अन्याय दूर झाला असता, आणि संस्थेनं डोंगराकडच्यांवर केलेल्या दुसऱ्या अन्यायावर शिक्कामोर्तब झालं असतं.

कायद्याचा आधार

पहिला वाद होता, हे लोक ‘अल्पसंख्याक’ आहेत का. केंद्राच्या विधी सल्लागाराचं मत: अल्पसंख्याक म्हणजे पिढ्यानपिढ्या इथे राहिलेले नागरिक, हे तर कामापुरते आलेले. हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम २७ सांगतं की वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक गटातल्या व्यक्तींना, आपल्या गटातल्या इतरांच्या सोबतीनं, आपली संस्कृती जगण्याचा, धर्म पाळण्याचा आणि भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही. या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं १९९४ मध्ये या कलमाचा अर्थ उलगडणारी सामान्य टिप्पणी क्रमांक २३ काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की या व्यक्ती नागरिक असण्याची गरज नाही, कायमच्या रहिवासी असण्याचीही नाही. स्थलांतरित कामगारांचा तर तिथे नावानिशी उल्लेख आहे.

स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी १९९० चा वेगळा करारही आहे. तो २००३ मध्ये अमलात आला आणि त्याच्या कलम ३१ मध्ये सांस्कृतिक ओळखीचा मान राखण्याची हमी आहे. पण जिथे कामगार मोठ्या संख्येनं जातात त्या पश्चिम युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या श्रीमंत देशांनी तो स्वीकारलेला नाही, आणि या देशानंही नाही. त्यामुळे भिस्त कलम २७ वर आणि भेदभावाविरुद्धच्या देशांतर्गत कायद्यावरच ठेवावी लागली.

भाषेच्या अटीबद्दल कॅनडाचं एक प्रकरण उपयोगी पडलं. क्वेबेक या तिथल्या फ्रेंचभाषक प्रांतात दुकानाबाहेरच्या पाट्यांवर इंग्रजीला बंदी होती. बॅलेंटाइन प्रकरणात मानवाधिकार समितीनं १९९३ मध्ये सांगितलं की राज्यानं आपली राजभाषा ठरवावी, पण सरकारी कामकाजाच्या बाहेर माणसानं कुठल्या भाषेत व्यक्त व्हावं यावर बंदी घालू नये. गंमत म्हणजे तिथे तक्रारदार जिंकले ते कलम २७ खाली नव्हे, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९ खाली, कारण संपूर्ण कॅनडाच्या हिशेबानं इंग्रजी बोलणारे अल्पसंख्याक ठरत नाहीत. वकीलबाईंनी यातून एवढंच घेतलं: सभागृह महापालिकेचं आहे, म्हणून तिथे चालणारा वर्ग सरकारी कामकाज होत नाही.

उलट बाजूची मर्यादाही होती. शिक्षकाचा पगार महापालिकेनं द्यावा, अशी संस्थेची मागणी होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं १९६८ च्या बेल्जियन भाषा प्रकरणात म्हटलं आहे की शिक्षणाच्या हक्कातून आपल्या पसंतीच्या भाषेत शिक्षण मिळण्याचा हक्क आपोआप निघत नाही. हे न्यायालय या देशाला बंधनकारक नव्हतं, तरी मागणी ताणली तर उत्तर काय येईल याचा अंदाज त्यावरून आला आणि ती बाजूला ठेवली गेली.

डोंगराकडच्या बायकांसाठी कळीचं ठरलं ते लव्हलेस प्रकरण. सँड्रा लव्हलेस कॅनडातल्या मालिसीट या आदिवासी समाजातल्या. समाजाबाहेर लग्न केल्यामुळे कॅनडाच्या इंडियन ॲक्टप्रमाणे (हा तिथल्या आदिवासींविषयीचा कायदा) त्यांचा आदिवासी म्हणून दर्जा गेला आणि आपल्या राखीव वस्तीत राहण्याचा हक्कही गेला. तोच नियम पुरुषांना नव्हता. मानवाधिकार समितीनं १९८१ मध्ये कलम २७ चा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि १९८५ मध्ये तो कायदा बदलला गेला. हक्क अल्पसंख्याक गटातल्या ‘व्यक्तींचा’ आहे, ही गोष्ट त्या प्रकरणात ठळक झाली. गटाच्या अध्यक्षाचा तो नाही. तो गटासोबत बजावायचा असतो, गटाच्या परवानगीनं नव्हे.

समोर असलेले पर्याय

न्यायालयात जाणं हा पहिला. भेदभावाचा मुद्दा भक्कम होता, अंतरिम आदेशाचीही आशा होती. पण अर्जदार संस्था असणार आणि निकालपत्रात ‘समाजाची प्रतिनिधी’ म्हणून तिचंच नाव येणार. शिवाय आवाजाची तक्रार करणारे शेजारी कायमचे विरोधात गेले असते.

दुसरा पर्याय संस्थेला हवा होता. वरच्या अधिकाऱ्याला भेटायचं, जुन्यासारखं पत्र घ्यायचं, विषय संपवायचा. पटकन होणारं काम. पण समिती बदलली की पत्र रद्द, हे नुकतंच अनुभवून झालं होतं.

वर्गणी काढून खासगी जागा घ्यावी असं तरुणांपैकी काहींचं मत होतं. कुणाच्या मेहेरबानीवर राहायला नको, हा त्यांचा बाणा मला पटतो. तरी तो मार्ग धरणं म्हणजे सार्वजनिक जागेवरचा आपला दावा स्वतःहून सोडणं, आणि वर्गणी देणं डोंगराकडच्या कुटुंबांना झेपणारं नव्हतं.

चौथा पर्याय नियमच बदलून घेण्याचा. आवाज, वेळ आणि गर्दी यांच्या अटी सगळ्यांना सारख्या. भाषेची अट नको, आणि अर्ज कोणीही करावा. यात महिने जाणार होते, आणि तोवर वर्ग बंद.

काय केलं, आणि कुठे अडलं

वकीलबाईंनी चौथा पर्याय धरला आणि पहिला हाताशी ठेवला. नोटीस तयार करून समितीला दाखवली, दाखल केली नाही. हे धमकावणं झालं का? थोडं झालंच. पण त्यामुळे समितीनं विधी सल्लागाराऐवजी केंद्राच्या व्यवस्थापकाला चर्चेला बसवलं, आणि व्यवस्थापकाला सभागृह कसं चालतं हे माहीत होतं.

पहिला निर्णय: आवाज आणि भाषा यांची फारकत. सराव रस्त्याकडच्या तळमजल्यावर हलवला, आठच्या आत संपवायचा ठरला, पंखा दुरुस्त झाला. हे आधी केल्यामुळे शेजाऱ्यांपैकी बरेच जण बाजूला झाले. मग भाषेच्या अटीच्या समर्थनाला समितीत दोनच सदस्य उरले, आणि ती कशासाठी हवी याचं उत्तर त्यांना सापडेना.

दुसरा निर्णय अवघड होता: बोलायचं कोणाशी. संस्थेनं सर्वसाधारण सभा घेऊन ठराव द्यायची तयारी दाखवली. त्याऐवजी बायका, तरुण मुलं आणि डोंगराकडची कुटुंबं यांच्याशी वेगवेगळं बसायचं ठरलं. डोंगराकडच्यांची पहिली बैठक वाया गेली. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, आमचं काही म्हणणं नाही, सगळं छान आहे. दुभाष्या म्हणून आलेला मुलगा संस्थेच्या सचिवांचा भाचा होता, हे नंतर समजलं. पुढच्या वेळी दुसऱ्या शहरातून फोनवर दुभाषी घेतली, तेव्हा लोक बोलू लागले.

आणि मग खरी भीती बाहेर आली. संस्थेचे दोन पदाधिकारी बांधकामावर मुकादम होते. काम तेच लावायचे, खोलीही तेच मिळवून द्यायचे. ‘आम्ही वेगळे’ असं कागदावर लिहून देणं म्हणजे उद्याच्या कामाशी खेळणं. काही जणांना तर वेगळं व्हायचंच नव्हतं. त्यांना दोन्हीकडे जायचं होतं, आणि ते काही गैर नव्हतं.

इथे आराखडा बदलला. आधीच्या मसुद्यात डोंगराकडच्या गटाला स्वतंत्र मान्यता आणि स्वतंत्र संध्याकाळ होती. हेतू चांगला, पण त्यासाठी लोकांना आपली ओळख जाहीर करावी लागली असती. नव्या मसुद्यात ‘समाजाचे नाव’ ही चौकटच काढली. शहरात राहणाऱ्या कोणत्याही पाच प्रौढांनी सह्या कराव्यात, कार्यक्रम काय ते लिहावं, बस्स. अल्पसंख्याक गटांच्या हक्कांविषयीच्या १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात कलम ३ आहे: हे हक्क बजावल्यामुळे किंवा न बजावल्यामुळे कोणाचं नुकसान होता कामा नये. नियम काहीच विचारत नसल्यामुळे या लोकांना ते संरक्षण आयतं मिळालं. वेगळं दिसायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

अध्यक्षांना हा मसुदा झोंबला. ‘वकीलबाई, तुम्ही आमची बाजू घ्यायला आला होतात की आमच्यात भिंत घालायला?’ त्यांचा राग समजण्यासारखा होता. एकजूट दाखवली नाही तर शहर आपल्याला मोजत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव, आणि तो खोटा नव्हता. वकीलबाईंनी वाद घातला नाही. संस्थेची भाषावर्गाची वेळ पहिल्या वर्षासाठी नियमातच राखून ठेवली आणि अध्यक्षांचा होकार मिळवला. या तडजोडीबद्दल पुढे बोलतो.

तरुण मुलींच्या बैठकीतून एक लहान गोष्ट निघाली. संमेलनात नाचल्याशिवाय वर्गाचं प्रमाणपत्र मिळत नसे. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीची २००९ ची सामान्य टिप्पणी क्रमांक २१ म्हणते की सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचा की नाही, ही त्या व्यक्तीची निवड आहे. संस्थेनं ही अट कुरकुर न करता काढली. शिक्षिकेलाच ती कधी पटली नव्हती.

निष्पत्ती

समितीनं नवा ठराव केला. भाषेची अट गेली, तिच्या जागी एवढंच आलं की सूचनाफलकावर कार्यक्रमाची माहिती शहराच्या भाषेतही लावावी. हे योग्यच झालं. केंद्रात काय चाललंय हे शेजाऱ्याला कळण्यात कोणाच्याही संस्कृतीला धोका नाही. भाषावर्ग सुरू झाला, पण सुटलेली सगळी मुलं परत आली नाहीत. मोठ्या मुलांनी त्या महिन्यांत दुसरे क्लास लावले होते.

डोंगराकडच्या बायकांनी पाच सह्या करून महिन्यातली एक संध्याकाळ घेतली. अर्जावर फक्त ‘गोष्टी आणि गाणी’ असं लिहिलं. सुरुवातीला मोजकी माणसं यायची. सपाटीकडच्या दोन-तीन आयाही मुलांना घेऊन येऊ लागल्या, हे कोणाच्या योजनेत नव्हतं. मुकादमांनी कोणाचं काम तोडल्याचं ऐकिवात नाही. पण संस्थेच्या कार्यकारिणीत डोंगराकडचा एकुलता एक सदस्य होता, त्यानं राजीनामा दिला. कारण लिहिलेलं नाही.

या संध्याकाळच्या गोष्टी एक मुलगी फोनवर ध्वनिमुद्रित करते. शहराच्या ग्रंथालयानं त्या घ्यायची तयारी दाखवली आणि नोंदणीपाशी अडकलं. त्यांची प्रणाली भाषांना लघुसंकेत देणारी ‘आयएसओ ६३९-२’ ही आंतरराष्ट्रीय यादी वापरते. ती पाचशेच्या आतली, त्यामुळे अनेक लहान भाषा तिथे एखाद्या सामूहिक संकेताखाली एकत्र कोंबल्या जातात. २००७ ची ‘६३९-३’ यादी सात हजारांहून अधिक भाषांना स्वतंत्र संकेत देते आणि तिच्यात ही भाषा आहे, पण प्रणाली ती वाचत नाही. ग्रंथपालबाईंनी तूर्त शीर्षकातच भाषेचं नाव घालून काम भागवलं आहे.

शाळेच्या पटावर या मुलांची मातृभाषा अजून सपाटीकडचीच लिहिलेली आहे. ते खातं वेगळं, आणि तिथे कोणी अजून अर्ज केलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वर्ग बंद राहिलेले महिने हा माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा. नियम बदलण्याच्या वाटाघाटी चालू असताना भाषावर्गापुरती तात्पुरती परवानगी मागायला हवी होती. त्या वर्गाबद्दल तक्रारच नव्हती, समितीला नाही म्हणणं जड गेलं असतं. मागितली का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालं नाही. सगळं एकदम मिळवायच्या नादात हा सोपा तुकडा हातून सुटला असावा.

दुभाष्याची निवड ही तांत्रिक बाब समजली जाते, इथेही समजली गेली. ज्या समाजात काम, खोली आणि दुभाष्या एकाच दारातून मिळतो, तिथे पहिल्याच बैठकीला बाहेरचा दुभाष्या घ्यावा, खर्च वाढला तरी.

संस्थेला वर्षभर वेळ राखून देण्याबद्दल माझं मत दोलायमान आहे. तत्त्वानं पाहिलं तर ज्या मक्तेदारीमुळे दुसरा गट बाहेर राहिला तिलाच नियमात जागा दिली गेली. व्यवहारानं पाहिलं तर त्याशिवाय अध्यक्ष आले नसते, आणि अध्यक्षांच्या विरोधात झालेल्या नियमाचा पहिला अर्ज करण्याची हिंमत डोंगराकडच्या बायकांनी केली नसती. वकीलबाईंच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं. मात्र ते वर्ष संपल्यावर पुढे काय, हे ठरावात लिहून घेतलं असतं. तसं लिहिलेलं नाही. वर्ष संपत आलं आहे, आणि ती वेळ आपलीच असं संस्था धरून चालली आहे.

मसुदा करताना शेजाऱ्यांपैकी कोणालाही बोलावलं नाही, हेही खटकतं. आवाज कमी झाल्यावर ते गप्प बसले, म्हणजे राजी झाले असं नव्हे. वार्षिक संमेलनही मैदानावर हलवलं गेलं, आणि तेव्हापासून मैदानाच्या बाजूच्या रहिवाशांच्या नव्या तक्रारी आल्या आहेत. त्या कोणी ऐकायच्या हे ठरलेलं नाही.

आणि ठराव हा शेवटी ठरावच. पुढची समिती तो एका बैठकीत फिरवू शकते. केंद्राच्या व्यवस्थापकानं त्याला उपविधीचं, म्हणजे महापालिकेच्या बंधनकारक स्थानिक नियमाचं, रूप देणारा मसुदा महापालिकेच्या विधी विभागाकडे पाठवला आहे. तो हरकतींसाठी खुला आहे. मी पाहिलं तोवर त्यावर दोन हरकती आल्या होत्या: एक मैदानाशेजारच्या रहिवाशांची, आणि दुसरी, पाच सह्यांऐवजी नोंदणीकृत संस्थेचीच अट असावी अशी.